एक शेकोटी, अनेक सॉल्व्हर: धूर आणि आगीच्या सिम्युलेशनसाठी सॉफ्टवेअरची तुलना कशी करावी

धूर आणि आग यांच्या सिम्युलेशनसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न व्हीएफएक्सचे शिक्षण घेणारे विद्यार्थी विचारतात आणि दोन-चार जणांचा छोटा स्टुडिओ चालवणारेही विचारतात. उत्तराच्या शोधात बहुतेक जण कंपन्यांनी प्रसिद्ध केलेले नमुन्याचे व्हिडिओ पाहतात. कसलेला कलाकार, ताकदवान मशीन आणि भरपूर वेळ एकत्र आल्यावर त्या सॉफ्टवेअरमधून काय निघू शकते, एवढेच त्या व्हिडिओंतून कळते. आपल्या मशीनवर, आपल्या सध्याच्या कौशल्यावर आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या मुदतीत त्यातून काय निघेल, हे मात्र स्वतः करून पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून एकच शॉट, एकाच मापाने, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये उभा करून पाहावा, असे माझे सांगणे आहे. ही तुलना नेमकी कशी करावी, कोणत्या ठिकाणी ती हमखास चुकते आणि शेवटी कोणत्या गोष्टीला अधिक वजन द्यावे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

वजन कशाला द्यावे, हे आधीच सांगून टाकतो. एक सिम्युलेशन किती मिनिटांत पूर्ण झाले किंवा पहिल्या प्रयत्नात ते किती सुंदर दिसले, यापेक्षा एका कामाच्या दिवसात आपण किती दुरुस्त्या करून पाहू शकलो, हा आकडा मला निर्णायक वाटतो. आग पहिल्या फटक्यात कधीच मनासारखी होत नाही. सुपरवायझर पाहतो, ज्वाळा थोडी तुटक हवी म्हणतो, लोट डावीकडे झुकवायला सांगतो, आणि खरे काम तिथून सुरू होते.

सॉल्व्हर सगळे एकाच कुळातले

तुलनेला बसण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली, तर पुष्कळ गैरसमज टळतात. आज वापरात असलेल्या बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या सॉल्व्हरचे, म्हणजे हवा आणि धूर यांची हालचाल मोजणाऱ्या भागाचे, मूळ गणित सारखेच आहे. योस स्टॅम यांनी १९९९ साली सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलेल्या पद्धतीमुळे हवेचा प्रवाह मोठ्या कालटप्प्यांनी सोडवला तरी गणित कोसळत नाही, हे शक्य झाले. मात्र त्या पद्धतीत लहान भोवरे पुसट होत जातात आणि धूर मऊ, लोण्यासारखा दिसू लागतो. २००१ साली रोनाल्ड फेडकिव, स्टॅम आणि हेन्रिक वान येन्सन यांच्या शोधनिबंधाने विरलेले भोवरे पुन्हा जागवण्याचा उपाय धुराच्या सिम्युलेशनमध्ये आणला. सॉफ्टवेअरच्या पॅनेलवर ‘व्हॉर्टिसिटी’ किंवा ‘कन्फाइनमेंट’ या नावाने जी पट्टी दिसते, ती हाच उपाय. पुढे २००८ साली थिओडोर किम, निल्स थ्यूरी, डग जेम्स आणि मार्कस ग्रोस यांनी ‘वेव्हलेट टर्ब्युलन्स’ मांडले. कमी रिझोल्यूशनच्या सिम्युलेशनचा मूळ आकार न बदलता त्यावर बारीक तपशील चढवण्याची ही युक्ती पुढे अनेक सॉफ्टवेअरमध्ये शिरली आणि तिच्या कर्त्यांना ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

गणित इतके सारखे असल्यामुळे ‘अमक्याचे भौतिकशास्त्र अधिक खरे’ या वादात शिरण्यात फारसा अर्थ नाही. आगीच्या बाबतीत तर कोणतेही सॉफ्टवेअर लाकडाच्या ज्वलनाचे रसायनशास्त्र सोडवत नाही. इंधनाचे एक क्षेत्र असते, ते ठरावीक वेगाने संपते, संपताना तापमान वाढवते आणि हवेला फुगवते. त्या तापमानाला रेंडरच्या, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्याच्या, वेळी रंग दिला जातो. खऱ्या शेकोटीतला पिवळा-नारिंगी रंग तापून उजळलेल्या काजळीच्या कणांचा असतो, आणि पडद्यावर त्याचीच नक्कल होते. खरे फरक तीन ठिकाणी आहेत: जागा कशी साठवली आहे, गणित प्रोसेसरवर होते की ग्राफिक्स कार्डवर, आणि कलाकाराच्या हाती किती दोऱ्या दिल्या आहेत.

कसोटीचा शॉट

कसोटीसाठी स्फोट निवडू नये. स्फोट दोन सेकंदांत संपतो, त्यात गोंधळ इतका असतो की चुका झाकल्या जातात, आणि खरा स्फोट जवळून पाहिलेले वाचक थोडेच असतील. शेकोटी मात्र आपण सगळ्यांनी तासन्‌तास पाहिलेली असते, त्यामुळे तिच्यात काही बिघडले तर डोळ्याला लगेच खटकते. साधारण एक मीटर व्यासाची शेकोटी, तिच्यावर झुकलेला एक ओंडका, बाजूने येणारी मंद झुळूक आणि वर चढणारा धूर, एवढा मामला पुरेसा आहे. ओंडका मुद्दाम ठेवायचा, कारण अडथळ्याला वळसा घालून धूर कसा जातो आणि पातळ अडथळ्यातून तो आरपार गळतो का, हे त्यावरून कळते. लांबी २५ फ्रेम प्रतिसेकंदाच्या हिशेबाने २०० फ्रेम, म्हणजे ८ सेकंद ठेवावी.

सोबत खरा नमुना हवाच. होळीच्या किंवा शेकोटीच्या वेळी मोबाइल स्थिर ठेवून, आगीच्या शेजारी पण सुरक्षित अंतरावर एक मीटर लांबीची काठी उभी रोवून चित्रण करावे. काठीमुळे माप मिळते. या चित्रणात एक गोष्ट मोजता येते, आणि तुलनेत तिच्याइतका भरवशाचा आधार मला दुसरा सापडलेला नाही. आग एका लयीत धापा टाकते: बुडाशी ज्वाळा आत ओढली जाते, फुगा फुगल्यासारखी वर सरकते आणि टोकाशी तुटते. हे तुटणे सेकंदाला किती वेळा घडते, ते आगीच्या व्यासावर ठरते. अग्निशास्त्रात वापरले जाणारे सूत्र सोपे आहे: व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि दीडला त्या वर्गमुळाने भागावे. एक मीटरच्या आगीची लय सेकंदाला सुमारे दीड वेळा, पाव मीटरच्या आगीची सुमारे ३ वेळा आणि ४ मीटरच्या आगीची पाऊण वेळा येते. म्हणजे आपल्या शेकोटीत साधारण दर १७ फ्रेमना एक धाप दिसायला हवी.

आता समजा, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ती धाप दर ४० फ्रेमना दिसते आहे. याचा अर्थ ती आग सेकंदाला ०.६ वेळा धापा टाकते, आणि सूत्र उलटे फिरवले तर ती जवळजवळ ६ मीटर व्यासाच्या आगीसारखी वागते आहे. मोठी वस्तू संथ दिसते. जुन्या काळी मॉडेलचे स्फोट चित्रित करताना कॅमेरा वेगाने फिरवून नंतर दृश्य सावकाश दाखवत, तेही याच कारणासाठी. छोट्या आगीला मोठ्या आगीची चाल आली, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे, हे त्याला जाणवते. अशा वेळी दोष सॉल्व्हरला देण्याआधी माप तपासावे.

माप आणि व्हॉक्सेल

तुलना सर्वांत जास्त वेळा इथेच फसते. हुडिनी आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर धरले जाते, तर मायामध्ये मूळ मांडणीत एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर असतो. थ्रीडीएस मॅक्समध्ये एककाचा अर्थ वापरणाऱ्याने ठरवायचा असतो. माझ्या सुरुवातीच्या एका तुलनेत मी तोच सेट दोन सॉफ्टवेअरमध्ये तसाच उचलून नेला आणि दुसऱ्यातला धूर सुस्त आहे, असा निष्कर्ष लिहूनही टाकला. प्रत्यक्षात एका ठिकाणी शेकोटी एक मीटरची होती आणि दुसरीकडे सॉल्व्हर तिला शंभरपट मोठी समजत होता. दोन दिवसांचे काम त्यामुळे वाया गेले. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सर्वप्रथम एक मीटरचा घन बनवून तो आपल्या शेकोटीशेजारी ठेवावा, गुरुत्वाकर्षणाचे मूल्य त्याच एककात ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्गाशी जुळते का ते पाहावे, आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर व्हॉक्सेलचा, म्हणजे गणितासाठी जागेचे जे छोटे घन पाडले जातात त्यांतल्या एकाचा, आकार सगळीकडे सारखा करावा. ‘रिझोल्यूशन’ हा शब्द इथे फसवा आहे. हुडिनीत आपण थेट व्हॉक्सेलची लांबी देतो. ब्लेंडरमध्ये डोमेनच्या, म्हणजे ज्या पेटीत सिम्युलेशन होते तिच्या, सर्वांत लांब बाजूचे किती भाग करायचे, तो आकडा दिला जातो. म्हणजे ६ मीटर उंच डोमेनचे ३०० भाग केले, तर व्हॉक्सेल २ सेंटिमीटरचा होतो, आणि नंतर डोमेन उंच केले पण भाग तेवढेच ठेवले, तर तपशील गुपचूप कमी होतो. फीनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये सेलचा, म्हणजे व्हॉक्सेलचा, आकार आणि एकूण सेलची संख्या दोन्ही समोर दिसतात, हे सोयीचे आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवरचा आकडा न जुळवता सेंटिमीटर जुळवावेत.

मेमरीचा हिशेबही कागदावर आधीच मांडावा. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच डोमेनमध्ये २ सेंटिमीटरचे १ कोटी २० लाख व्हॉक्सेल बसतात. प्रत्येक व्हॉक्सेलमधील एका संख्येला ४ बाइट लागतात, म्हणजे एका क्षेत्राला ४८ एमबी. घनता, तापमान, इंधन आणि ज्वाळा अशी चार क्षेत्रे आणि वेगाचे तीन घटक मिळून सात क्षेत्रे धरली, तर सुमारे ३३६ एमबी होतात. व्हॉक्सेल एक सेंटिमीटरचा केला की हाच आकडा आठपट होऊन २.७ जीबीच्या घरात जातो, आणि अर्ध्या सेंटिमीटरवर २१ जीबी ओलांडतो. शिवाय सॉल्व्हरला दाब काढण्यासाठी आणि मधल्या प्रतींसाठी वेगळी जागा लागते, ती निराळीच. सर्वसामान्य ग्राफिक्स कार्डवर ८, १२ किंवा १६ जीबी मेमरी असते. या तीन ओळींच्या हिशेबावरून कोणते सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर कुठे अडेल, हे काहीही विकत घेण्यापूर्वी समजते.

वेळेचे गणित याहून कठोर आहे. व्हॉक्सेल निम्मा केला की त्यांची संख्या आठपट होते, आणि तोच वेग आता दुप्पट व्हॉक्सेल ओलांडत असल्याने एका फ्रेमचे सबस्टेप, म्हणजे फ्रेमच्या आतले छोटे कालटप्पे, तेही दुप्पट लागतात. एकूण काम सोळापटीच्या आसपास जाते. शेकोटीची ज्वाळा सेकंदाला ४ मीटर वर जात असेल, तर एका फ्रेममध्ये ती १६ सेंटिमीटर, म्हणजे २ सेंटिमीटरचे आठ व्हॉक्सेल ओलांडते. एवढ्यासाठी दोन-तीन सबस्टेप पुरतात. सेकंदाला ५० मीटरने फुटणारा स्फोट मात्र व्हॉक्सेलच्या त्याच जाळीवर (ग्रिडवर) एका फ्रेममध्ये शंभर व्हॉक्सेल उडी मारतो, आणि सबस्टेप न वाढवल्यास त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. काही सॉफ्टवेअर सबस्टेप आपोआप ठरवतात, काहींत ते हाताने द्यावे लागतात. तुलनेत प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्षात किती सबस्टेप झाले, त्याची नोंद ठेवावी, नाहीतर एकाचा वेग आणि दुसऱ्याचा नेमकेपणा यांची गल्लत होते.

तीन मुख्य पर्याय

सर्वांचा अनुभव सारख्या विस्ताराने मांडण्याची गरज नाही. ज्यांच्यात निवड खऱ्या अर्थाने करावी लागते, ते पर्याय तीन आहेत.

टोरांटोच्या साइडएफएक्स कंपनीचे हुडिनी हे मोठ्या स्टुडिओंचे रोजचे हत्यार आहे. मुंबईतल्या व्हीएफएक्स स्टुडिओंत एफएक्स विभागात काम शोधणाऱ्याला ते यावे, अशीच अपेक्षा असते. त्याची ताकद दोन गोष्टींत आहे. पहिली, विरळ ग्रिड. हुडिनी १८ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, त्यातला पायरो हा आग-धुराचा सॉल्व्हर जिथे धूर किंवा उष्णता आहे तेवढ्याच ठोकळ्यांमध्ये गणित करतो. आपल्या शेकोटीच्या डोमेनमध्ये बहुतेक जागा रिकामी असते, त्यामुळे वर मांडलेला मेमरीचा आकडा इथे पुष्कळ खाली येतो, आणि लोट वाऱ्याने वाहत गेला तरी डोमेनच्या भिंतीला आपटत नाही. दुसरी ताकद म्हणजे नियंत्रण. आग कुठून निघते, हे बिंदूंवरच्या गुणधर्मांनी ठरते. ओंडक्याच्या एकाच टोकाला आग हवी असेल, ती हळूहळू पसरत जायला हवी असेल, तर ते बिंदूंवर रंगवून ग्रिडमध्ये उतरवता येते. टर्ब्युलन्स, डिस्टर्बन्स, श्रेडिंग हे खळबळ आणि तुटकपणा आणणारे वेगवेगळे घटक केवळ ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात लावता येतात. सुपरवायझर जेव्हा ‘खालचे सगळे आवडले, फक्त टोके तुटक कर’ म्हणतो, तेव्हा हुडिनीत ते शब्दशः करता येते. याची किंमत शिकण्याच्या काळात मोजावी लागते. नवख्याला पहिली बरी शेकोटी पेटवायला इथे सर्वांत जास्त दिवस लागतात, आणि तुलनेच्या नोंदीत हे दिवसही धरले पाहिजेत.

ब्लेंडर विनामूल्य आहे आणि त्यातून केलेले काम व्यावसायिकपणे विकायला कोणतीही आडकाठी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या २.८२ आवृत्तीपासून त्यात मँटाफ्लो हा सॉल्व्हर आहे. तो प्रोसेसरवर चालतो आणि त्याचे ग्रिड भरीव असते, म्हणजे रिकाम्या जागेतही गणित होते. ‘अडॅप्टिव्ह डोमेन’ चालू केले की पेटी धुराच्या आकारानुसार लहानमोठी होते, पण पेटीच्या आतली रिकामी जागा मोजली जातेच. एक मीटरची शेकोटी २ सेंटिमीटरच्या व्हॉक्सेलवर तो समाधानकारक देतो. वर सांगितलेल्या वेव्हलेट पद्धतीचा ‘नॉइज’ हा पर्याय त्यात आहे आणि तो मूळ आकार जपून तपशील वाढवतो, म्हणून कमी रिझोल्यूशनवर आकार पक्का करावा आणि नॉइज शेवटी वेगळा बेक करावा, म्हणजे मोजून साठवून ठेवावा. यासाठी कॅशचा, म्हणजे साठवलेल्या निकालाचा, प्रकार ‘मॉड्युलर’ ठेवावा लागतो. तो तसा न ठेवल्यास प्रत्येक लहान बदलाला सगळे पुन्हा बेक होते, आणि ब्लेंडर संथ असल्याच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ मला या एका सेटिंगमध्ये दिसले आहे. त्याची खरी मर्यादा नियंत्रणाची आहे. ज्वाळेचा वरचा तृतीयांश तेवढा बदलायचा, अशी सूचना आली की दोऱ्या अपुऱ्या पडतात, आणि मग फोर्स फील्डच्या, म्हणजे हवेला ढकलणाऱ्या बलांच्या, साहाय्याने वळसा घालून काम काढावे लागते.

जँगाएफएक्स कंपनीचे एम्बरजेन पूर्णपणे ग्राफिक्स कार्डवर चालते, आणि धूर डोळ्यांसमोर, पट्टी सरकवता सरकवता बदलतो. हा अनुभव इतर दोघांपेक्षा इतका वेगळा आहे की सवयीचा कलाकारही प्रथम थबकतो. मी वर ज्याला निर्णायक म्हटले, त्या एका दिवसातल्या दुरुस्त्यांच्या आकड्यात एम्बरजेन शेकोटीसारख्या शॉटवर सरळ पुढे जाते. गेमसाठी लागणारे फ्लिपबुक (फ्रेमची चित्रमालिका) आणि चित्रपटासाठी लागणाऱ्या, ग्रिड साठवणाऱ्या व्हीडीबी फाइल, दोन्ही त्यातून निघतात. पण संपूर्ण सिम्युलेशन ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत मावले पाहिजे, ही अट कठोर आहे, आणि आपला २१ जीबीचा हिशेब इथे भिंतीसारखा उभा राहतो. एक इमारत जळते आहे आणि तिचा लोट दोनशे मीटर वर जातो आहे, असा शॉट त्यात बळेच कोंबू नये. इतर प्रसंगाशी गुंतलेली आगही, म्हणजे तुटणारे लाकूड, उडणारी राख आणि त्यांना लागून पेटणारी ज्वाळा, हुडिनीत एकाच ठिकाणी होते तशी इथे होत नाही.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. जो स्टुडिओ आधीपासून थ्रीडीएस मॅक्सवर आहे, त्याने फीनिक्स आणि फ्यूमएफएक्स हे दोन पर्याय आधी तपासावेत. फीनिक्स व्ही-रे बनवणाऱ्या केऑस कंपनीचेच असल्याने रेंडरचा भाग जवळजवळ तयार मिळतो. माया वापरणाऱ्यांच्या हाताशी बायफ्रॉस्ट आहेच, त्याचे मूळ ऑटोडेस्कने २०१२ साली घेतलेल्या नायाड या सॉल्व्हरमध्ये आहे. सिनेमा फोरडीत २०२२ च्या अखेरीस स्वतःचा पायरो आला, आणि जाहिराती व मोशन ग्राफिक्स करणाऱ्यांना तो पुरेसा ठरतो. या सगळ्यांना एकच कसोटी लावावी: आपले बाकीचे काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यातून बाहेर न पडता शेकोटी होत असेल, तर त्या सोयीचे मोल कमी समजू नये.

दुरुस्त्यांची फेरी

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये पहिली शेकोटी उभी राहिली की तुलनेचा मुख्य भाग सुरू होतो. खऱ्या कामात येतात तशा तीन सूचना आधीच कागदावर लिहून ठेवाव्यात आणि त्या नंतर बदलू नयेत. माझ्या तीन सूचना अशा असतात: साठाव्या फ्रेमनंतर लोट डावीकडे झुकावा, पण ज्वाळा सरळच राहावी, ज्वाळेची टोके सुटी, जिभांसारखी व्हावीत, पण बुडाचा आकार तसाच राहावा, आणि ओंडक्याच्या उजव्या टोकाला उशिरा आग लागावी. घड्याळ लावून प्रत्येक सूचना पूर्ण होईपर्यंतचा वेळ नोंदवावा, आणि त्यात सिम्युलेशन चालण्याचा वेळ वेगळा व आपण विचार करत, पट्ट्या शोधत घालवलेला वेळ वेगळा लिहावा. दोन्हींची बेरीज महत्त्वाची आहे, पण त्यांचे प्रमाणही बरेच सांगून जाते. यंत्राचा वेळ पैशाने कमी होतो. शोधाशोधीचा वेळ अनुभवाने कमी होतो किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती दोरीच नसेल तर कधीच होत नाही. तिसरी सूचना या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण तिच्यात सॉल्व्हरची कसोटी कमी आणि आगीच्या उगमावर आपला ताबा किती, याची कसोटी जास्त लागते.

यानंतर व्हॉक्सेल निम्मा करून, बाकी एकही आकडा न बदलता, तोच शॉट पुन्हा चालवावा. आकार बदलेलच, ग्रिड जाड असताना गणित जे लहान भोवरे पुसून टाकते, ते बारीक ग्रिडवर जिवंत राहतात आणि सगळ्या लोटाची वाट बदलतात. प्रश्न किती बदलतो हा आहे. दिवसभर जाड ग्रिडवर सूचना पूर्ण करून रात्री बारीक ग्रिडवर अंतिम सिम्युलेशन लावायचे आणि सकाळी वेगळीच आग दिसायची, हा या कामातला सर्वांत महागडा प्रसंग असतो. म्हणून दोन्ही रिझोल्यूशनची शंभरावी फ्रेम शेजारी ठेवून लोटाची उंची, झुकाव आणि मोठ्या भोवऱ्यांची जागा जुळते का, ते तपासावे. टर्ब्युलन्सचे माप व्हॉक्सेलच्या पटीत देणारी सेटिंग असेल तर ती टाळून मीटरमध्ये द्यावी. बहुतेक वेळा फरकाचा निम्मा भाग एवढ्याने कमी होतो.

एकाच रेंडररमधून पाहणे

प्रत्येक सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या दर्शक खिडकीत आग पाहून मत बनवू नये. तिथला प्रकाश, रंगपट्टी आणि चमक वेगवेगळी असते, आणि आपण नकळत सिम्युलेशनऐवजी शेडिंगची, म्हणजे रंग-प्रकाशाच्या मांडणीची, तुलना करू लागतो. सर्वांतून ओपनव्हीडीबी स्वरूपात फाइल बाहेर काढाव्यात आणि एकाच रेंडररमध्ये, त्याच कॅमेऱ्याने, त्याच शेडरने रेंडर कराव्यात. ड्रीमवर्क्स अॅनिमेशनमध्ये केन म्यूजेथ यांनी विकसित केलेले आणि २०१२ साली सर्वांसाठी खुले झालेले हे स्वरूप आज या क्षेत्राची समान भाषा आहे. ज्यांच्याकडे दुसरा रेंडरर नाही, त्यांनी ब्लेंडरचे सायकल्स वापरावे. त्याला काही खर्च नाही.

फाइल आणताना चार गोष्टी बिघडतात, आणि त्या चारही सॉल्व्हरच्या माथी मारल्या जातात. पहिली, दिशा: ब्लेंडरमध्ये झेड अक्ष वर असतो आणि हुडिनीत वाय, त्यामुळे लोट आडवा पडलेला दिसू शकतो. दुसरी, माप: सेंटिमीटरमधली फाइल मीटरमध्ये वाचली गेली की धूर शंभरपट मोठा होतो, आणि प्रकाशाला शंभरपट जाड धुरातून जावे लागत असल्याने तो डांबरासारखा काळा दिसतो; घनता कमी करत बसण्यापेक्षा आधी माप दुरुस्त करावे. तिसरी, तापमानाचे मूल्य: ते एका ठिकाणी शून्य ते एकच्या आसपास असते आणि दुसरीकडे निराळ्याच पट्टीत, म्हणून तोच शेडर एका फाइलला पांढरी आग देतो आणि दुसरीला काळी. प्रत्येक फाइलमधले कमाल मूल्य पाहून ते एका समान पट्टीत आणावे. चौथी, वेगाचे क्षेत्र: ते निर्यात केले नाही किंवा त्याचे नाव रेंडररला अपेक्षित नावाशी जुळले नाही, तर मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, मिळत नाही आणि ज्वाळा चरचरीत, कापलेल्या कागदासारखी दिसते. फाइलचा आकारही इथेच नोंदवावा. २०० फ्रेम आणि दर फ्रेमला १०० एमबी धरले तर एका आवृत्तीला २० जीबी लागतात, आणि दहा दुरुस्त्यांच्या दहा आवृत्त्या ठेवायच्या म्हटल्या तर डिस्कचा खर्च सॉफ्टवेअरच्या खर्चाशेजारी लिहावा लागतो. घनता आणि तापमान १६ बिटमध्ये साठवले, तर डोळ्याला फरक कळत नाही आणि जागा बरीच वाचते.

परवाना आणि नोंद

परवान्याची अट शेवटी वाचायची गोष्ट नाही, पण ती शॉटच्या आड येऊ नये म्हणून मी तुलनेनंतर मांडतो आहे. हुडिनीची ‘अप्रेंटिस’ आवृत्ती शिकण्यासाठी विनामूल्य आहे. तिच्या रेंडरवर शिक्का उमटतो, आकाराची मर्यादा असते, बाहेरचे रेंडरर तिला जोडता येत नाहीत आणि तिच्यात व्यावसायिक काम करता येत नाही. म्हणून एकाच रेंडररची वर सांगितलेली अट पाळायची असेल, तर ‘इंडी’ परवाना लागतो. तो वार्षिक १ लाख अमेरिकी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांसाठी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या स्टुडिओंना तो बसतो. अप्रेंटिसमध्ये बनवलेली फाइल व्यावसायिक परवान्यात उघडली, तर ते सत्रच बिगर-व्यावसायिक होते, त्यामुळे शिकाऊ मुलाने घरून आणलेली फाइल स्टुडिओच्या कामात मिसळू नये. एम्बरजेन, फीनिक्स आणि इतरांचे दर व अटी वेळोवेळी बदलतात. खरेदीच्या दिवशी कंपनीच्या पानावरची अट वाचून तिची प्रत जपून ठेवावी.

सर्व चाचण्यांची नोंद एका तक्त्यात ठेवावी आणि त्यात सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची आवृत्ती, व्हॉक्सेलचा आकार, सबस्टेप, कमाल मेमरी, फाइलचा आकार, तीन सूचनांना लागलेला वेळ आणि धापांमधले फ्रेमचे अंतर लिहावे. सॉल्व्हरमध्ये प्रत्येक आवृत्तीगणिक लहानमोठे बदल होतात आणि तोच सेट नव्या आवृत्तीत किंचित वेगळी आग देतो. म्हणून एखादे काम सुरू झाले की त्या कामापुरती आवृत्ती गोठवावी, नवी आवृत्ती आली तर तिच्यात आधी हीच शेकोटी पेटवावी, आणि जुन्या तक्त्याशी आकडे जुळल्यावरच पुढचे काम तिच्यात सुरू करावे.